बाजाराच्या दिवशी अकरा वाजता

बोरदऱ्याच्या सटवाजीला सरकारनं अलीकडं महसूल सेवक असं भारदस्त नाव दिलंय. त्या नावानं गावात कुणी हाक मारली, तर सटवाजी स्वतःच मागं वळून बघायचा नाही. गावाला तो कोतवाल, तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. कागद पोचवा, साहेब आला की खुर्च्या मांडा, चहा सांगा, आणि सरकारचं जे काही सांगणं असेल ते गावभर ओरडून सांगा, म्हणजे दवंडी द्या. तीस वर्षं झाली या कामाला. बाकीच्या कामात तो कसा होता ते तलाठ्यालाच विचारावं, पण दवंडीत त्याचा हात धरणारा अख्ख्या परभणी जिल्ह्यात नव्हता, हे कुणीही पैजेवर सांगेल.

त्याच्या बापाच्या वेळेला दवंडी हलगीवर व्हायची. छप्पन साली बापानं धम्म घेतला त्या दिवशी हलगी खाली ठेवली, आणि गावाला सांगितलं की इथून पुढं जे सांगायचं ते तोंडानं सांगू. गाव काही दिवस कुरकुरलं, मग सवय झाली. सटवाजीचा आवाज बापाचाच. मध्यंतरी ग्रामपंचायतीनं बॅटरीचा भोंगा घेऊन दिला, पण त्याची बॅटरी मारुतीच्या पारापासून मशिदीच्या कोपऱ्यापर्यंतच टिकायची. पुढं माळी गल्ली आणि शेवटी सटवाजीची बौद्ध वस्ती, हे सगळं घशावरच.

आता यातली एक खुबी सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच झाला. बोरदऱ्यात तारीख कुणी मोजत नाही. कॅलेंडर घरोघरी आहे, पण ते दुधाच्या खुणा करायला. गाव दिवस मोजतं ते बाजारावर. दर मंगळवारी बाजार भरतो. त्या दिवशी मजुरीला कुणी जात नाही, बाया न्हाऊन धुऊन घेतात, म्हातारी माणसं पारावर येऊन बसतात. म्हणून ‘पोलिओचा डोस बाजाराच्या आदल्या दिवशी’, ‘लाईट जाणार बाजाराच्या दुसऱ्या दिवशी’ अशीच दवंडी द्यायची, हे सटवाजीला बापानं शिकवलं होतं. तलाठी तारीख सांगायचा, सटवाजी ती बाजारावर बसवून द्यायचा. तीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे, नव्वद एकर. त्यातलं निम्म्याहून जास्त नुसता मुरमाड माळ, धड कुसळंसुद्धा येत नाहीत. खालच्या बाजूला वस्तीतल्या अकरा घरांनी दोन पिढ्यांपासून तुकडे करून पेरा धरलेला. त्यातला दीड एकर सटवाजीच्या थोरल्या बहिणीचा, चांगुणाबाईचा, म्हणजे आक्काचा. ऐन पंचविशीत नवरा गेला तशी ती माहेरी आली, बापाच्या दारात पडून राहायची न्हाई म्हणाली, आणि गायरानातले दगड वेचायला लागली. तीन उन्हाळे दगड वेचले. चौथ्या वर्षी तूर पेरली. तेव्हापासून चाळीस वर्षं ती तिथून तूर-ज्वारी काढते, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. कागदावर ते नव्वद एकर सरकारचं आणि आक्का म्हणजे अतिक्रमण. अतिक्रमण करणारी नव्हे हो, अतिक्रमणच! तशा नोटिसा सटवाजीनं स्वतःच्या हातानं तिच्या दारात कितीदा तरी पोचवल्या. ती नोटीस घ्यायची, पेटीत टाकायची, आणि भावाला चहा करून द्यायची.

“एवढं दर साली लिवून धाडतेत,” ती एकदा म्हणाली, “पर माझं नाव येकदा बी लिवित न्हाईत. ‘संबंधित इसम’ म्हनं. मी काय इसम हाय का रं?”

सटवाजी हसला होता.

गेल्या हिवाळ्यात कापसाची वेचणी जोरात असताना तलाठी चंद्रभान भाऊसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं. गायरानावर सोलारचा प्रकल्प येणार होता. कोळशाची वीज कमी करायची, उन्हाची वाढवायची, हवामान बिघडलंय ते सावरायचं, असं देशाचं धोरण. भाऊसाहेबांनी ते सगळं एका दमात सांगितलं, आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यानं सटवाजीचे कान टवकारले.

“आणि हे बघ, लोकांना विचारल्याबिगर पुढं जायचं न्हाई, असा वरून हुकूम हाय. सभा घ्यायची. पथक येणार. लोकांनी हरकती सांगायच्या, सूचना द्यायच्या. ज्याचा पेरा हाय त्यानं सभेत येऊन तसं सांगितलं, तर नावानिशी लिहून घेणार आणि तेवढा तुकडा सोडून आखणी करणार. पण सभेतच सांगायला पायजे. सभा उठली की मुदत संपली.”

“नावानिशी लिवणार?” सटवाजीनं दोनदा विचारलं.

“आता किती बार सांगू? मंगळवारी, अकरा वाजता. बाजार असतो, माणसं सापडतेत.”

त्या दिवशी सटवाजी घरी गेलाच नाही, सरळ आक्काच्या दारात. चाळीस वर्षांत सरकार पहिल्यांदा तिला काही विचारणार होतं. “आक्का, तुझं नाव लागायलंय बघ आता,” तो उंबऱ्यावरूनच म्हणाला, आणि म्हातारी हातातलं सूप तसंच धरून त्याच्याकडं बघत राहिली.

त्याच आठवड्यात, गुरुवारी त्यानं दवंडी दिली. आवाज असा लावला की पारावरची माणसं म्हणाली, आज कोतवालाला झालंय काय? “ऐका होऽऽ! बाजाराच्या दिवशी, अकरा वाजता, ग्रामपंचायतीपुढं सभा हाय होऽऽ! गायरानाच्या सोलारची सभा! ज्याला काई सांगायचं त्यानं यावं होऽऽ!” वस्तीत तर विहारापुढं त्यानं तीनदा दिली. मग नेहमीप्रमाणं भाऊसाहेबांनी दवंडी दिल्याचा कागद पुढं केला, आणि नेहमीप्रमाणं सटवाजीनं न वाचता खाली सही केली. त्या कागदावर मंगळवार आणि तारीख छापलेली होती. असायचीच.

शनिवारी ग्रामपंचायतीनं आणखी एक दवंडी सांगितली. शेजारच्या गावात खंडोबाची जत्रा, सगळे दुकानदार तिकडं पालं टाकणार, म्हणून ह्या खेपेचा बाजार एक दिवस पुढं, बुधवारी. दर साली असंच व्हायचं. सटवाजीनं तीही दवंडी दिली, तेवढ्याच खड्या आवाजात, त्याच चार ठिकाणी. आणि त्या बाबाच्या डोक्यात एवढंसुद्धा आलं नाही, की बाजाराबरोबर आपण सभाही ढकलायलोय.

रविवारी सटवाजीची पोरगी धम्मशीला परभणीहून आली. ती तिथं बी.एड. करते. विहारात अकरा घरं जमली. बाया पुढं, गडी मागं. सटवाजीला वाटलं होतं, लोक नुसतं रडगाणं गातील. पण लोकांनी काय एकेक काढलं! सोलार नको असं कुणीच म्हणालं नाही. रानात दिवसा वीज मिळाली तर कुणाला नको आहे? वरचा मुरमाड माळ मोकळा पडलाय, सोलारच्या पाट्या तिथं टाका की, ऊन तिथंही तेवढंच पडतंय, असं एकजण म्हणाला. दुसरीनं सांगितलं, पाट्या कंबरेच्या वर बांधा, खाली शेळ्या चरतील. धूळ बसणार म्हणजे धुवायला माणसं लागणार, ते काम वस्तीतल्या बायांना द्या, बाहेरून आणू नका. धम्मशीला भराभर लिहून घेत होती, आणि मधेच म्हणाली, “बाबा, हे असलंच तर त्यांना पाहिजे असतंय. लोकांना विचारा म्हणतात ते यासाठीच.”

आक्का सगळ्यात शेवटी बोलली. “ऊन तर चाळीस वर्सं माझ्याच डोस्क्यावर पडायलंय,” ती म्हणाली. “त्याचं काय करायचं ते मला इचारायला आलेत, तर मी सांगते. माझा तुकडा सोडा आन् बाकी काय करायचं ते करा.”

धम्मशीलानं आत्याचा अर्ज वेगळा लिहिला, सुवाच्य अक्षरात. वर तारीख घालायला म्हणून तिनं पेन थांबवलं. “बाबा, तारीख?”

“तारीख कशाला? बाजाराच्या दिवशी हाय. तिथंच घालू.”

आक्कानं सहीही तेव्हा केली नाही. साक्षरतेच्या वर्गात ती स्वतःचं नाव लिहायला शिकली होती, तेवढंच तिला येत होतं, आणि ते तिला साहेबांसमोर करायचं होतं. “आंगठा न्हाई लावनार मी,” तिनं सगळ्यांना बजावलं. “बघू दे त्यान्ला.” मग अर्ज घडी करून तिनं पेटीत ठेवला. वस्तीचं ठरलं: मंगळवारी सगळ्यांनी कापूस वेचायला जायचं आणि बाजाराच्या दिवशी झाडून सगळ्यांनी सभेला यायचं.

मंगळवारी सकाळी सटवाजी दारात दात घासत होता. फोन वाजला. भाऊसाहेब.

“खुर्च्या मांडल्या का रे? गाडी निघाली त्यांची.”

“कोनाची गाडी?”

“झोपेत हायस का? सभा हाय न आज!”

“उद्या हाय की, भाऊसाहेब. बाजार उद्या...” आणि तो तिथंच थांबला. तोंडातली राखुंडी तशीच.  बायको आतून काय झालं, काय झालं विचारत होती, तोवर तो फाट्याच्या वाटेला लागला होता.

फाट्यावर तो धावत गेला तेव्हा वस्तीचा टेम्पो जाऊन तास झाला होता. बायांना आणि गड्यांना घेऊन मुकादम वीस-बावीस किलोमीटर लांबच्या रानात गेलेला. सटवाजीनं मुकादमाला फोन लावला. लागला, वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. ड्रायव्हरला लावला, तो बंद. गावातली बाकीची माणसं जत्रेला. तरीही सटवाजीनं भोंगा उचलला. मारुतीच्या पारापासून सुरुवात केली. “ऐका होऽऽ, सभा आजच हाय होऽऽ, आत्ताच हाय होऽऽ!” पारावर एक कुत्रं तेवढं उठून बसलं. मशिदीच्या कोपऱ्यावर बॅटरी संपली. माळी गल्लीत तो नुसता ओरडत गेला, आणि कुलपं लावलेल्या दारांना ओरडून सांगणारा माणूस कसा दिसतो हे त्याचं त्यालाच कळत होतं. वस्तीत विहारापुढं तर आवाजच फुटेना. लाज वाटली त्याला, आणि भीती वाटली, आणि स्वतःचा असा राग आला की बोलायची सोय नाही.

बरोबर अकराला पथक आलं. राजेश्री मॅडम म्हणून एक तरुण अधिकारी होत्या, बरोबर लिहून घ्यायला दोघं जण. मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं साठ खुर्च्या, आणि त्यावर सरपंच नागनाथराव, दोन सदस्य, आणि सटवाजीनं कुठून तरी हाताला धरून आणलेली माळ्याची एक म्हातारी. सदस्यांचं गायरानात काहीच नव्हतं, ते काय बोलणार? म्हातारीनं मॅडमला निराधारचा पगार कधी येणार ते विचारलं.

“लोक येतील ना?” मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं.

सटवाजी पुढं झाला. “मॅडम, चूक माझी हाय. मी बाजाराचा दिवस सांगितला, आन् बाजार गेला उद्यावर. सगळे उद्या येणारेत. सांजच्याला टेम्पो येतो, तवर थांबा की. पाया पडतो.”

“दोन वाजता पुढच्या गावात सभा आहे हो, काका. तिथले लोक बसलेले असतील.”

“मग माझं लिवून घ्या. माझ्या बहिणीचा पेरा हाय तिथं, दीड एकर. मी सांगतो.”

भाऊसाहेबांनी त्याचा शर्ट मागून ओढला. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही शासकीय कर्मचारी आहात. त्यांनी स्वतः यायला हवं, नाहीतर त्यांचा अर्ज तरी हवा. अर्ज आहे का? मी साडेबारापर्यंत थांबते.”

अर्ज! सटवाजी पळत सुटला. छप्पन वर्षांचा माणूस, धोतराचा सोगा हातात धरून. आक्काच्या दाराला कुलूप. किल्ली तिच्या कमरेला, आणि ती बावीस किलोमीटरवर. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि दगड उचलला. सख्ख्या बहिणीच्या घराचं कुलूप फोडायचं, म्हणजे बघा! चौथ्या घावाला कोयंडाच निखळला. पेटीत लुगडी, बुद्धवंदनेचं पुस्तक, जुन्या नोटिसांची चळत, आणि वर घडी केलेला अर्ज. तो घेऊन सटवाजी परत पळाला. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मॅडमनी अर्ज उघडला, शेवटपर्यंत वाचला. वाचताना त्यांचा चेहरा बदलला तेही सटवाजीनं पाहिलं. “छान लिहिलंय,” त्या म्हणाल्या. मग कागद उलटा केला, सुलटा केला. “सही कुठाय?”

सही नव्हती.

सटवाजीच्या खिशाला पेन होतं. बहिणीचं नाव त्याला लिहिता येत होतं. भाऊसाहेब त्याच्याकडं बघत होते, मॅडम बघत होत्या, सरपंच बघत होते. दहा माणसांच्या डोळ्यांदेखत खोटी सही कोण करील? पेन खिशातच राहिलं.

“बिनसहीचा मी घेतला तरी छाननीत उडेल, काका,” मॅडम हळू म्हणाल्या. “मला खरंच वाईट वाटतंय.” आणि त्यांना वाटतही होतं. साडेबाराला गाडी निघाली. कागदावर लिहिलं गेलं: हरकती, निरंक. सूचना, निरंक. म्हणजे काहीच नाही. त्याच्यामागं सटवाजीनं सही केलेला दवंडीचा कागद जोडला, लोकांना वेळेवर आणि रीतसर कळवलं होतं म्हणून.

दिवस मावळायला टेम्पो आला. आक्का उतरली, अंगाला कापसाचे तंतू चिकटलेले. सटवाजी फाट्यावरच उभा होता. त्यानं सांगितलं तेव्हा आधी ती हसली. “चल, कायतरीच! उद्या हाय की सभा.” मग त्याचं तोंड बघून तिनं भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं. बाकीच्या बाया भोवती जमल्या. कुणीतरी त्याला शिवी दिली, ती त्यानं ऐकून घेतली. मुकादमाच्या टेम्पोत कुणीतरी रडायला लागलं. आक्का घराकडं चालू लागली. घरापाशी आल्यावर तिनं निखळलेला कोयंडा हातात धरून बघितला.

“कामून मोडलास?”

“अर्ज काढाया.”

“मंग दिलास?”

“सही न्हवती, आक्का.”

म्हातारी उंबऱ्यावर खाली बसली. “मीच न्हाई केली,” ती म्हणाली. “मलाच मिरवायचं व्हतं.” आणि तिनं दोष असा आपल्याकडं ओढून घेतला याचंच सटवाजीला जास्त लागलं. त्यापेक्षा तिनं चार थोबाडीत मारायला पाहिजे होत्या.

दुसऱ्या दिवशी बाजार. आणि काय सांगावं, अकरा वाजता माणसं आली की! वस्ती तर सगळी आलीच, माळी गल्ली आली, मशिदीकडचे आले. धुतलेले कपडे, बाया नवी लुगडी नेसून. सभा होऊन गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरीही आले. “आलोय तर सांगून टाकू,” म्हणाले, “कुनी ऐको न ऐको.” सटवाजीनं परत खुर्च्या मांडल्या. स्वतः टेबलामागं न बसता बाजूला जमिनीवर बसला, मांडीवर वही घेऊन, आणि ज्यानं त्यानं सांगितलं ते लिहून घेत गेला. माळाचं, शेळ्यांचं, पाट्या धुण्याचं, दिवसाच्या विजेचं. मशिदीकडच्या एकानं तर वरच्या माळापासून सबस्टेशन जवळ पडतं, तारा कमी लागतील, हेही सांगितलं. पथकातल्या शिकल्या-सवरलेल्यांना जे सुचलं नसतं, ते या माणसांनी तासाभरात सांगितलं. अठ्ठावन्न जणांनी खाली सह्या-अंगठे केले. पहिली सही आक्काची. रिकाम्या टेबलावर कागद ठेवून तिनं ती सावकाश केली, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं एकदा बघितलं.

तो सगळा गठ्ठा घेऊन सटवाजी तालुक्याला गेला. वर स्वतःचा कागद लावला: दवंडी मी चुकीची दिली, लोकांचा दोष नाही, सभा परत घ्यावी. भाऊसाहेबांनी त्याला जिन्यात अडवलं. “वेडा झालास का? खोटी दवंडी दिली असं स्वतःच लिहून देतोस? नोकरीवर येईल.”

“येऊ द्या.”

“आणि सभा परत होईल असं वाटतंय तुला?”

सटवाजी गठ्ठा सावरून जिना चढून गेला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

आवकवाल्या कारकुनानं शिक्का मारून पोच दिली. पुढं तो आठवड्याला एक चक्कर मारायचा. गठ्ठा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेला असायचा. तिसऱ्या महिन्यात दोन पाकिटं एकाच दिवशी आली. एकात लिहिलं होतं की आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे, तथापि विहित मुदतीनंतर प्राप्त झाल्यानं कार्यवाही करता येत नाही. दुसऱ्यात कामात हयगय केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा मागितला होता. राजेश्री मॅडमचा नंबर त्यानं मिळवला होता, त्यांनी फोन घेतलाही. “मी वरती लिहिलं होतं, काका,” त्या म्हणाल्या. “अहवालात निरंक गेलंय ना, ते बदलता येत नाही. माझी बदली झालीय आता.” सटवाजीनं त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

आक्काची तूर तोवर निघाली होती. निघाली म्हणजे शेवटचीच.

उन्हाळ्याच्या तोंडाला ताबा घ्यायला माणसं आली. भाऊसाहेब, मोजणीवाला, कंत्राटदाराचा माणूस, आणि सटवाजी. वरचा माळ तसाच राहिला, तिथं गाडी चढत नाही म्हणून. खुणा खालच्या अंगाला ठोकल्या, पेरा होता तिथं. आक्का सकाळपासून आपल्या तुकड्याच्या कडेला बसून होती. कुणी तिला ऊठ म्हणालं नाही, तिनंही कुणाला अडवलं नाही.

काम संपल्यावर भाऊसाहेबांनी पंचनाम्याचा कागद काढला. “दोन पंच पायजेत, सटवा. एक हा ड्रायव्हर होईल. दुसरा बघ कुनी.”

सटवाजी आता कुठलाही कागद न वाचता धरत नव्हता. तो त्यानं वाचला. आक्कानं हाक मारली, “काय लिवलंय रं? मोठ्यानं वाच.” भाऊसाहेब नको म्हणाले नाहीत. त्यानं वाचलं. सदर जागेवर समक्ष जाऊन पाहणी केली. जागा मोकळी आहे. त्यावर कोणतंही पीक नाही, कोणाचाही ताबा नाही.

आक्का उठून जवळ आली. “खाली हरकत लिवता येती का?”

“मुदत गेली, आक्का,” भाऊसाहेब जमिनीकडं बघत म्हणाले.

“मंग पंच म्हनून माझं नाव लिवा.”

“आक्का, नको,” सटवाजी म्हणाला. “आगं, हे तुझ्याच इरुद्ध हाय. कुनाचा ताबा न्हाई म्हनत्यात, आन् तू साक्ष देनार?”

“मला कळतंय ते. भैरी न्हाई मी.” ती त्याच्याकडं बघत होती. “पर मी इथं व्हते, हे कागदावर कुठंतरी लागू दे रं. दुसरीकडं कुठं लागतंय आता? लिव. पुरं नाव लिव.”

भाऊसाहेबांनी मान हलवली. त्यांना पंच मिळाला होता. सटवाजीनं गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहायला घेतलं. चांगुणाबाई, मग नवऱ्याचं नाव, आडनाव. वय एकोणसत्तर. राहणार बोरदरा. त्याच्यापुढं छापलेलं होतं, धंदा, आणि मोकळी रेघ.

“शेती लिव,” आक्का म्हणाली.

सटवाजीचं पेन थांबलं. भाऊसाहेब हळू आवाजात त्याच्या कानाशी म्हणाले, “शेती कसं लिहिशील? वर ताबा न्हाई लिहिलंय. दोन्ही जुळत न्हाईत, कागद परत येईल. मजुरी लिही.”

सटवाजीनं ‘मजुरी’ लिहिलं. आक्कानं पेन घेतलं, आपलं नाव सावकाश गिरवलं, आणि कागद त्याच्या हातात देताना त्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, “हितं काय लिवलंस?”

“शेती,” सटवाजी म्हणाला.